दोन दारांचा तंबू

ही गोष्ट घडलेली आहे. पटवण्यासाठी मी काही करणार नाही. जशी घडली तशी सांगतो.

जानेवारी १९९४. लखनौ, सरोजिनी नगर. कोहरा असा की संध्याकाळी सहालाच समोरचं घर दिसेना. त्यात लाईट गेलेली.

श्रीपतआबा कांबळे हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. मूळचे साताऱ्याकडचे, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेले. गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवायचे. पोरांनी शंभरदा चुकावं, आबांनी शंभरदा समजवावं. आवाज कधी चढला नाही.

त्या संध्याकाळी मात्र आबा धुमसत होते.

नात प्राचीच्या पुस्तकात कोरियाचं युद्ध दीड ओळीत उरकलं होतं.

"दीड ओळ," आबा म्हणाले. "एका भाषेची, एका ताटातली माणसं. लांबच्या दोन बड्या देशांनी नकाशावर रेघ मारली, एका घराचे दोन मुलूख केले. मग भावानेच भावावर बंदूक धरली. तीन वर्षं."

"आप वहाँ थे, दादाजी?" शेजारच्या अनुपने विचारलं.

"होतो. पण लढायला नाही. लढाई थांबल्यावर कैदी सांभाळायला आपली फौज नेली होती, तिच्यात गेलो होतो. थांबा, दाखवतो."

खोलीला दोन दारं होती. एक अंगणात उघडायचं, एक रस्त्यावर. मधोमध आबांनी स्टूल ठेवलं.

"हा तंबू. कैदी इथे बसायचा. त्याच्या मुलखाचे साहेब लोक त्याला परत चल म्हणून समजावायचे. मग त्याने दार निवडायचं. अंगणाचं दार म्हणजे उत्तर, तिकडे आई. रस्त्याचं दार म्हणजे दक्षिण, तिकडे भाऊ. एकदा गेला की परतीचं नाव नाही."

पोरांना खेळच वाटला. अनुप बसला आणि खिदळत अंगणात पळाला. "हम तो मम्मी के पास, यार."

तो परत आत आला, मग प्राची बसली.

आणि उठेना...

"चल गं, निवड," आबा म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

बाहेर कुणीतरी चालत होतं...

चर्र... चर्र... गोठलेल्या बर्फावरून रबरी बूट ओढत चालावं तसं.

लखनौत बर्फ पडत नाही.

आवाज अंगणाच्या दाराशी थांबला. दुसऱ्याच क्षणी रस्त्याच्या दाराशी. घराला वळसा घातल्याचं कुणालाच ऐकू आलं नाही.

मग दोन्ही दारं... हळूच मिटली.

मेणबत्तीच्या उजेडात प्राचीच्या तोंडातून वाफ निघत होती. फक्त तिच्याच.

आबांनी तिचा हात धरला. गार पडलेला. ओढलं, तर दहा वर्षांची पोर जागची हलेना.

"ओमोनी..."

शब्द तिच्या ओठांतून आला. आवाज पुरुषाचा होता.

ओमोनी म्हणजे आई. चाळीस वर्षांपूर्वी एक कैदी स्टुलाला मिठी मारून हाच शब्द घोकत बसला होता. कुठल्याच दाराने जाईना. शेवटी त्याला उचलून नेलं. पुढे त्याचं काय झालं, ते आबांना कुणी सांगितलं नाही.

आबा घाबरले. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"याला काय निवडायला सांगता?" रिकाम्या अंधारावर ते कडाडले. "रेघ मारताना विचारलं होतं का? चुलीत घाला तुमची दारं."

त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. आधी अंगणाच्या दाराची बिजागरी उखडली, मग रस्त्याच्या.

"आबा, अहो काय करताय?" सून नंदा धावत आली. आबांनी वळूनही पाहिलं नाही.

दुसरं दार धाडकन आडवं झालं, तशी प्राची हुंदका देत आबांच्या अंगावर कोसळली. हातात पुन्हा ऊब होती.

"जा बाळा," स्टुलाकडे बघत आबा हळू आवाजात म्हणाले. "हवं तिकडून जा. आता कुणी विचारणार नाही."

त्या रात्री तिथे कुणी झोपलं नाही.

सकाळी नंदा पोछा घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

स्टुलापासून ओली पावलं निघाली होती... दोन्हीकडे.

अंगणाकडे गेलेली सगळी डाव्या पायाची.

रस्त्याकडे गेलेली सगळी उजव्या.

"पुसू का, आबा?"

आबांच्या मुठी वळल्या होत्या. "ज्यांनी रेघ मारली, त्यांना बोलव पुसायला."

दुपारी ऊन आलं. फरशी वाळली.

पावलं वाळली नाहीत...