पाण्याखालची मोजणी

मागचं दार न वाजवता उघडलं आणि एक ओलाचिंब माणूस थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. केसांतून पाणी ठिबकत होतं, खांद्यावर पाणबुड्यांचा काळा रबरी पोशाख, पाय अनवाणी. मान वर न करताच तो म्हणाला, "मास्तर, आज एकोणीस."

मग त्याने पाहिलं. बाबांच्या खुर्चीत मी बसले होते. त्यांची उरलेली औषधं पिशवीत भरत होते.

"मास्तर कुठायत?"

"तुम्ही कोण?"

"मी… मी येतो नेहमी. गुरुवारी."

"बाबा गेले," मी म्हणाले. "दहा दिवस झाले. झोपेतच."

बारा दिवस तो लांबच्या पाण्यात बोटीवर होता. सकाळी परतला आणि कुणाशी दोन शब्द बोलायच्या आत पुन्हा पाण्यात उतरला, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फरशीवर त्याच्या पायांभोवती पाणी पसरत होतं. मी टॉवेल दिला. त्याने तो तोंडाला लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"एकोणीस काय?" मी शेवटी विचारलं.

"काही नाही… असंच."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"सवय नाही," तो म्हणाला, आणि टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवून गेला.

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना एकाच गोष्टीने पछाडलं. समोरच्या खाडीतोंडाचा पट्टा सरकारने राखीव केला होता. तिथे जाळी टाकायला बंदी होती, पण दम धरून खाली जाऊन भाल्याने मासे मारायला मोकळीक होती. भालेवाले म्हणायचे, "जाळं आंधळं असतं मास्तर, भाला बघून मारतो." त्यावर बाबा म्हणायचे, "बघून मारतो हीच तर भानगड! बघून मारणारा सगळ्यात मोठाच मारणार, आणि सगळ्यात जास्त अंडी त्या मोठ्या मादीच्याच पोटात." या वादात अर्ध्या बंदराने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आता सरकारी सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि मास्तरांचं निवेदन त्यांच्या मुलीने वाचावं, असं पत्र आलं होतं.

शहरात मी एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात दिवस जातो. महिन्याची रजा घेतली आणि बाबांचं निवेदन वाचायला बसले. चूक एकही नव्हती. सहा वर्षांतले गुरुवार, त्याच बारा कपारी, आणि त्यांत दिसलेले मोठे मासे. पहिल्या पानावर एकशे चार. शेवटच्या ओळीत त्याच गुरुवारची तारीख त्यांनी आधीच लिहून ठेवली होती, आकडा नव्हता. मी पेन्सिलीने एकोणीस लिहिलं, आणि मग हात थांबला.

बाबांना पोहता येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्याने दार वाजवलं.

"उघडंच आहे," मी आतून म्हणाले. "किती आज?"

तो उंबऱ्यातच थबकला. "कळलं तर तुम्हाला."

"बाबा दम धरून तळाला जात होते, यावर मी विश्वास ठेवीन असं वाटलं तुम्हाला?"

"मास्तर आंघोळसुद्धा जपून करायचे. पाऊस आला की धक्क्यावरून आधी ते पळायचे."

मी हसले. कित्येक दिवसांत घशातून तो आवाज निघाला नव्हता. माझा मलाच परका वाटला.

"अठरा," तो हळूच म्हणाला.

बंदरावर त्याला पाणकावळा म्हणत. तो भाल्यावरच जगणारा होता. म्हणजे दर गुरुवारी येऊन तो स्वतःच्याच पोटावर पाय देत होता. मी त्याला तसं म्हटलंही.

"मास्तरांनी मला सातवीत दोनदा नापास केलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणाले, 'गाढवा, तुला गणित येत नाही असं नाही, तुला मोजायचा कंटाळा आहे.' मग काय… मोजलं." कॉफीच्या कपाभोवती त्याची बोटं गुंडाळलेली होती. मिठाने भेगाळलेली, पण कप धरताना फार सावध. "आणि खाली एकटाच असतो मी. दिसतं ते दिसतं. वर येऊन वेगळं कसं सांगू?"

बाबांनी त्याचं नाव निवेदनात कुठेही लिहिलं नव्हतं. तो ज्या बोटीवरून उतरायचा तिचे मालक, भालेवाल्यांचे म्होरके, सगळ्यांचे काका. हे काकांना कळलं, तर बोटीचा आणि त्याचा संबंध संपला.

"बाबा माझ्याबद्दल बोलायचे कधी?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"रविवारी तुमचा फोन यायचा ना? दोन मिनिटांचा. तो ते मला गुरुवारी पंधरा मिनिटं सांगायचे."

मी उठून कप विसळायला गेले. दोन कप होते, मी बराच वेळ विसळत राहिले. तो गेला नाही.

तिसऱ्या गुरुवारी त्याने मला वल्ह्याच्या होडीतून नेलं. समुद्र राखाडी होता, झिमझिम इतकी बारीक की ती पडताना दिसत नव्हती, फक्त वही ओलसर होत होती.

"किती वेळ खाली असता तुम्ही?"

"मोजा की. मास्तरांची मुलगी ना?"

तो गेला. मी मोजू लागले. शंभरपर्यंत ठीक होतं. एकशे चाळीसला मी होडीची कड घट्ट धरली. एकशे बासष्टला तो माझ्या पाठीमागे वर आला.

"घाबरलात?"

"छे."

"मग कड सोडा. तुटेल ती." त्याने श्वास घेतला. "सतरा. त्यातला एक सारखा वर, तुमच्याकडे बघत होता."

"आणि तुम्ही?"

"मी मोजत होतो… बहुतेक."

"बहुतेक? मग सतरा तरी नक्की का?"

"सतरा नक्की. तुझं काही सांगता येत नाही."

तू. त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि कानापर्यंत तो लाल झाला. "चुकून गेलं तोंडातून."

"राहू दे," मी म्हणाले. "फक्त बाबांना सांगू न—"

पुढचे शब्द ओठांवरच राहिले. त्याने ते पाहिलं. मग तो होडीत चढला आणि वल्ही मारू लागला. इतकी सावकाश, की दहा मिनिटांच्या अंतराला अर्धा तास लागला.

सुनावणीत कुणी नाव विचारलं तर काय, हा विषय दोघांनीही काढला नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. घडीच्या खुर्च्या, ओल्या छत्र्यांचा वास, दोनशे माणसं. मी निवेदन वाचलं. एकशे चारपासून सतरापर्यंत. 

मग काका उठले. "मास्तर देवमाणूस, गेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. पण पोरी, तुझ्या बाबांना गुडघाभर पाण्यात चक्कर यायची." सभागृह हसलं. "तिथे बारा वाव खोल कपारींत मासे मोजले कुणी? मास्तरांनी दुर्बिणीतून?"

अध्यक्षबाईंनी हसू ओसरू दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "प्रश्न योग्य आहे. मोजणाऱ्याचं नाव लागेल. नाहीतर हे आकडे आम्हाला धरता येणार नाहीत."

तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

माझ्या हातात बाबांची सहा वर्षं होती. रविवारी दोन मिनिटांत फोन ठेवल्यावर ते ज्यात डोकं घालून बसत, ती सहा वर्षं. त्यांचं एवढंच काम माझ्याकडे आलं होतं.

"मी नाव सांगू शकत नाही," मी म्हणाले.

"मग आकडे वगळावे लागतील. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

मी खाली बसले. कागदाची कड बोटांत रुतत होती.

"मी मोजले."

सगळ्या माना मागे वळल्या. काका मात्र सर्वांत शेवटी वळले. "तू?"

"हो, काका."

"सगळे? आणि खरे?"

"खरे."

 काका अध्यक्षबाईंना म्हणाले, "लिहून घ्या. हे गाढव खोटं बोलत नाही." आणि खुर्ची मागे सारून ते बाहेर गेले. त्यांच्यामागून एकेक भालेवाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा रबरी पोशाख आणि दोन भाले काकांच्या बोटीवरून उतरवून धक्क्याच्या कठड्यावर नीट मांडून ठेवलेले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी काही विचारलंही नाही. आठ दिवसांनी निकाल लागला: राखीव पट्ट्यात भाल्याला पाच वर्षं बंदी. तोवर त्याने सात तासांवरच्या बंदरात जहाजांचे तळ खरवडण्याचं काम शोधलं होतं.

मंगळवारी सकाळी मी बसस्टँडवर गेले. एक पिशवी पायाशी ठेवून तो बाकावर बसला होता.

"रागावलास?"

"थोडा. तुझ्यावर."

"माझ्यावर? नाव सांगितलं असतं तर त्याच क्षणी तुझी बोट गेली असती."

"आणि नाही सांगितलंस तेव्हा मास्तरांची सहा वर्षं चालली होती." तो हाताच्या भेगांकडे बघत होता. "एक सांगतो. चांगलं नाहीये. काकांनी विचारलं तेव्हाच मी बोलू शकलो असतो. पण थांबलो… तू काय करतेस ते बघायला."

मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. संताप आला होता. आणि त्याच्या शेजारी बसावंसंही वाटलं. मी बसले.

"बघितलंस?"

"बघितलं. माझ्यासाठी आजवर कुणी काही घालवलं नव्हतं. तू एवढं घालवायला निघालीस. मग गप्प कसा राहू?"

"मला वाटलं, तू बाबांसाठी बोललास."

"मास्तर माझं दैवत. पण तोंड उघडलं ते तुझ्यामुळे." तो कसनुसा हसला. "प्रेम आहे माझं तुझ्यावर. गाडी सुटायच्या वेळी सांगतोय, म्हणजे उत्तर द्यायची सक्ती नको."

"पळपुटा."

"आहेच."

गाडीचं इंजिन सुरू झालं. तो चढला, खिडकीशी बसला, काच अडकली होती ती दोन्ही हातांनी ओढून खाली केली.

"कधी येशील तिकडे? आलीस तर…"

बाबा फोनवर हेच विचारायचे. कधी येतेस? मी म्हणायचे, बघते, जमलं की. शेवटच्या रविवारीही तेच म्हणाले होते. आता तोच शब्द तोंडापर्यंत आला, आणि मी तो गिळला.

"शनिवारी," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"ह्या."

"अगं, मला अजून खोलीही मिळालेली नाही!"

"मग स्टँडवर बसू," मी म्हणाले. गाडी हलली, आणि ती चालू लागली तशी मीही तिच्या कडेने, त्याचा हात काचेवरून सुटेपर्यंत, चालत राहिले.