कपाट सरकतं तेव्हा

"माझी बायको बाबांना विष घालतेय," मुलगा म्हणाला. "आज संध्याकाळी पोलिसांत जाणार. त्याआधी तुम्ही एकदा बघा."

खाजगी तपासनीस नानांनी बाबांच्या रक्ताचा अहवाल शेजारी बसलेल्या निवृत्त डॉक्टरांकडे सरकवला. डॉक्टर त्यांचे शाळासोबती. ठळक छापलेलं तेवढंच वाचायचं, ही डॉक्टरांची जुनी खोड.

"एएसटी चौपट, एएलटी दुप्पट. यकृताचे बारा वाजलेत."

"आणि ठळक नसलेलं?"

"बिलिरुबिन, जीजीटी, यकृताचेच आणखी दोन आकडे, नॉर्मल. त्यात काय बघायचं?"

नानांनी त्या दोन आकड्यांखाली रेघ ओढली.

मुलाच्या घरात पाऊल ठेवताच डॉक्टरांना उगाचच थंडी वाजली. बायको वारल्यापासून, म्हणजे वर्षभर, म्हातारबाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यापायी मुलाची बदली अडलेली.

"विष कसलं," बाबांच्या खोलीत सून रडवेल्या आवाजात म्हणाली. "ते कपाट बघा. सासूबाई गेल्यावर मी ते खिडकीपासून या भिंतीला आणलं. घरी कुणी नसलं की ते परत खिडकीशी जातं. काल पुन्हा गेलं."

"आई कोपलीय तिच्यावर," मुलगा पुटपुटला.

"कपाट हललं की दुसऱ्या दिवशी बाबांचं अंग ठणकतं," बाबांसाठी रोज येणारी परिचारिका म्हणाली. "म्हणून रक्त तपासतो. नेमकं तेव्हाच वाईट येतं."

कपाट सरकल्याने मोकळ्या झालेल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक गोल तेलकट डाग होता. कुणीतरी तिथे टेकून आपल्याकडे बघतंय असं वाटून डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. नानांनी मात्र म्हातारबाबांचा हात हातात घेतला. बाबांनी कळवळून तो मागे ओढला.

"आजच रक्त घ्या," नाना परिचारिकेला म्हणाले. "सीकेसुद्धा करायला सांगा."

संध्याकाळी सगळे त्याच खोलीत जमले. नानांच्या हातात नवा अहवाल होता.

"आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो. एएसटी आणि एएलटी यकृतात असतात, तसे स्नायूंतही असतात. यकृत एवढं बिघडलं असतं, तर जीजीटी सहसा गप्प बसला नसता. सीके मात्र स्नायूंचा, ते ताणले की वाढणारा, आणि तो आज दसपट आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस इतकं जड काय ओढतो?"

सगळ्यांची नजर कपाटाकडे गेली. मग बाबांच्या तळव्यांवरच्या ताज्या फोडांकडे.

"तुझी आई तिथे डोकं टेकून बसायची," म्हातारबाबा डागाकडे बघत मुलाला म्हणाले. "कपाटामागे तो डाग दिसेना. मीच कपाट हलवतो म्हणून सांगावं, तर मला उठता येतं हे कळलं असतं. मग तुम्ही बदलीच्या गावी निघून गेला असता."

"आणि हे मला विष घालणारी म्हणत होते, तेव्हा तुम्ही ऐकत होतात," सून म्हातारबाबांना म्हणाली.

मुलगा काही बोलायला पुढे आला, तशी ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही बदली घ्या. एकटेच जा."

तिने खुर्ची ओढून त्या डागाखाली ठेवली.

"इथे बसा, बाबा. पण चालत या. सगळ्यांसमोर."

म्हातारबाबांनी पाय जमिनीवर टेकवले.