पट्टीखालची पोकळी

मोजदाद करताना एक जण अधिक भरतो, ही कथा अनेक रूपांत आढळते. कुठे ती नावेतल्या उतारूंची असते, कुठे सराईत थांबलेल्या वाटसरूंची. तपशील बदलतात, एक सूत्र मात्र टिकून राहते : त्या अधिकाच्या भीतीने ओळखीच्या कुणाला उठवू नये, कारण रिकाम्या जागी तोच येऊन बसतो. माझ्या संग्रहातले सर्वांत अलीकडचे रूप मला माझ्या भाचीकडून मिळाले. ती एका रुग्णालयाच्या संगणक-जाळ्यावर देखरेख करते. सांगताना तिचा वैताग तिच्या भीतीहून मोठा होता.

जाळ्यातून किती माहिती वाहते, ते तिच्या पडद्यावर एकावर एक रचलेल्या रंगीत पट्ट्यांतून दिसते. प्रत्येक विभागाची एक पट्टी. सर्वांत वरची, लाल, अतिदक्षता विभागाची. तिथल्या रुग्णांची नाडी याच मार्गाने परिचारिकांच्या पडद्यावर पोहोचते, आणि त्या रुग्णांत भाचीचे सासरेही होते. त्या दुपारी जाळे तुंबू लागले आणि लाल पट्टी वर सरकू लागली.

“लाल फार खातंय. तोडा ते,” तिचे साहेब म्हणाले.

“साहेब, उंची नाही, जाडी बघायची. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर काही सहा फुटी होत नाही. लाल आहे तेवढंच आहे. तळाची करडी फुगलीय.”

“मला शिकवू नका. सगळ्यात वर कोण आहे?”

“लाल.”

“मग झालं तर.”

“पालथ्या घड्यावर पाणी, मामा,” भाची मला म्हणाली.

करडी पट्टी होती बंद पडलेल्या जुन्या कक्षाची. तिथे रुग्ण नव्हते, खाटाही नव्हत्या. वैतागून ती स्वतःच गेली. दार उघडताच ओलसर चुन्याचा वास आला. भिंतीवरच्या पेटीतून एकच वायर लोंबत होती. तिचे टोक कशालाही जोडलेले नव्हते, तरी पेटीतला हिरवा दिवा अखंड लुकलुकत होता. तिने वायर उपसून काढली.

परत येऊन पाहते तो करडा रंग नाहीसा झालेला. पण वरची एकही पट्टी खाली उतरली नव्हती. तळाशी नुसती पांढरी पोकळी, आणि तिच्यावर सगळे रंग अधांतरी.

“साहेब, असं होऊच शकत नाही. ह्या पट्ट्या... कशावर उभ्या आहेत?”

“बाई, लाल अजून वरच आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लाल पट्टीचा मार्ग बंद केला.

लाल रंग गेला. त्याच्या वरच्या कडेची रेघ मात्र होती तिथेच राहिली, खाली तेवढीच रिकामी जागा.

भाची धावत अतिदक्षता विभागात पोहोचली. मार्ग तुटल्यावर परिचारिकेचा पडदा कोरा पडायला हवा होता.

“बंद नाही पडला?”

“नाही हो. तुमच्या सासऱ्यांचं तर... सकाळपेक्षा छान चाललंय.”

भाचीने सासऱ्यांचे मनगट धरले. नाडी क्षीण होती, मधूनच अडखळत होती. पडद्यावरची मात्र एका लयीत, दमदार चालली होती.

“ताई, पडद्याकडे बघू नका. डॉक्टरांना बोलवा,” ती परिचारिकेला म्हणाली.

डॉक्टर आले. त्यांनी दारातूनच पडद्याकडे पाहिले, काळजीचे कारण नाही असे सांगितले आणि ते पुढच्या खोलीत गेले.