पुढच्याची किटली

शहराचं पाणी तपासणं ही माझी नोकरी, आणि वडिलांच्या घरी मात्र विहिरीचं पाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घर शहराच्या कडेला, डांबरी रस्ता संपतो तिथे. मागच्या अंगणात विहीर, विहिरीला लागून पंपाची खोली आणि कुंपणापाशी सेप्टिक टँक. बाबांनी तरुणपणी दोन्ही कामं एकाच उत्साहात करून घेतली. टँक विहिरीपासून किती लांब असावा, हे कुणाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पंप म्हातारा होता. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह गळका, त्यामुळे पंप थांबला की पाइपातलं पाणी खाली उतरायचं आणि आत हवा भरायची. पुन्हा सुरू करण्याआधी पंपाच्या डोक्यावरचं बूच काढून आत पाणी ओतावं लागे. पाणी हवं तर आधी पाणी द्या, असा सगळा कारभार. म्हणून आईने नियम केला होता. जो पंप बंद करील त्याने पंपाशेजारच्या ओट्यावरची ॲल्युमिनियमची किटली भरून ठेवायची, पुढच्यासाठी. आई ती तोटीतून थेंब गळेपर्यंत भरायची. बाबा अर्धीच भरायचे. उचलली की ती डचमळायची, आणि आई पंपाच्या खोलीतूनच ओरडायची, "ही यांची! उथळ पाण्याला खळखळाट फार!"

"अर्धी तरी आहे ना?" बाबा पेपराआडून म्हणायचे. चाळीस वर्षांचा संसार त्यांनी याच एका भांडणावर रेटला.

आई गेली ती हिवाळ्यात. उन्हाळ्यात शहराची लाइन आमच्या रस्त्याला आली, पाण्याची आणि ड्रेनेजची बरोबरच. त्याच सुमारास बाबांचं पोट बिघडायला लागलं. मी विहिरीचा नमुना घेऊन गेले आणि स्वतःच्या हाताने तपासला. टँकमधलं विहिरीत उतरत होतं. ते पाणी मी कुत्र्यालाही पाजलं नसतं.

"मग टँक पुढच्या अंगणात नवा बांधू," बाबा म्हणाले. "विहीर उपसून घेऊ. नळाच्या पाण्याला वास येतो."

"त्या वासामुळेच माणसं जगतात, बाबा."

"पाण्याच्या जिवावर पगार घेतेस आणि आमच्याच पाण्याला नावं ठेवतेस!"

"खरी अडचण काय आहे ते सांगा."

ते चष्मा पुसत राहिले. आधीच स्वच्छ होता.

"विहीर बुजवली की पंप जाणार."

"जाऊ दे की. भंगारवालासुद्धा दारातून परत जाईल त्याला बघून."

"पंप गेला की किटली कशाला भरायची?"

मी हसले. ते हसले नाहीत. उठून मला मागे घेऊन गेले आणि पंपाच्या खोलीचं दार उघडलं. किटली ओट्यावर होती, काठोकाठ भरलेली. तोटीच्या टोकाला थेंब लोंबत होता.

"ती गेल्यापासून मी एकदाही भरलेली नाही," बाबा म्हणाले.

मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण सकाळी काय केलं ते दुपारी आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं बरं वाटतं. समजूत घालून उपयोग नव्हता. मी तपासून दाखवायचं ठरवलं. माझ्या धंद्यात भांडणं अशीच मिटतात.

कनेक्शनची चौकशी करायला आम्हाला कचेरीत जायचं होतं. त्या सकाळी पंप मीच चालवला, मीच बंद केला. किटली कुंडीत रिकामी केली, आतून फडक्याने कोरडी पुसली आणि खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. बाबा दारात उभे होते.

"असं नको करूस गं," ते म्हणाले. "तिला वाटेल, आपण तिची परीक्षा घेतोय."

कचेरीतला कारकून चांगला माणूस होता. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. "एका घरात दोन पाणी चालत नाहीत, आजोबा. जुनं बंद केल्याशिवाय आम्ही नवं सोडत नाही. विहीर बुजवायची, टँक बुजवायचा."

"आणि दोन माणसं?" बाबांनी विचारलं. "ती चालतात का एका घरात?"

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

परत आलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. किटली भरलेली होती. तोटीवरचा थेंब माझ्यासमोर पडला आणि दुसरा जमायला लागला. मी किटलीची कडी धरली. ती ओली होती, नुकतीच कुणीतरी हातातून खाली ठेवल्यासारखी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे आमच्या बाटलीतलं औषध टाकलं की ते पिवळं होतं. मी थेंब टाकून पाहिला. पाणी तसंच राहिलं. विहिरीचंच होतं.

"कुठून तरी झिरपत असेल," मी म्हणाले.

"हो, असेल," बाबा म्हणाले. लहान मुलाचं मन राखावं तसं.

मग ते तिसऱ्यांदा आजारी पडले, आणि या वेळी हॉस्पिटलात सलाइन लावावं लागलं. त्यांचा हात उशीइतकाच पांढरा दिसत होता. मी तिथेच, नर्ससमोर, रडले. "आई गेली बाबा. मला तुम्हाला घालवायचं नाहीये. मला तुम्ही हवे आहात."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तसेच म्हणाले, "तिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं." आणि मग, "घे नळ."

आमच्या प्लंबरला सगळे वायसर म्हणतात, कारण काहीही बिघडलं तरी तो आधी 'वायसर गेला' म्हणतो. त्याने पाइप कापला, पंप उचलला, विहिरीत मातीच्या गाड्या रिकाम्या झाल्या. हात धुवायला म्हणून तो किटली घेऊन गेला, रिकामी करून ओट्यावर ठेवली आणि पाने-पकडी आवरायला वळला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला.

"ही परत कुणी भरली हो?"

वायसर चहाला थांबला नाही.

ती शेवटची. नळ आला आणि किटली कोरडी पडली. पंप नव्हता, पण ओटा होता आणि ओट्यावर किटली होती. बाबा रोज सकाळी मागे जायचे, झाकण उचलायचे, ठेवायचे. मला ते बघवत नसे.

एका संध्याकाळी त्यांनी ती स्वतः नळाखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा तोटीपर्यंत भरली आणि दोन्ही हातांनी, न सांडता, ओट्यावर नेऊन ठेवली.

सकाळी आम्ही दोघं गेलो. किटली पालथी घातलेली होती. झाकण शेजारी. ओटा कोरडा.

वास येणारं भांडं आई असंच पालथं घालायची.

"आवडलं नाही तिला," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांचं पोट एकदाही बिघडलं नाही. रिपोर्ट सगळे चांगले. फक्त माणूस कमी कमी होत गेला. डॉक्टरांना काही सापडेना. पुढचा हिवाळा लागायच्या आत एका दुपारी मला ते पंपाच्या खोलीत सापडले. जिथे पंप होता तिथे बसलेले, मांडीवर किटली. रिकामी.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा नळच घेईन. पण त्या घरात नळ सोडला की मला रडू फुटायचं, म्हणून मी घराला कुलूप लावलं.

किटली तेवढी माझ्या फ्लॅटवर आणली. चौथा मजला, शहराचं पाणी. घासली, उन्हात वाळवली, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली.

आज सकाळी धूळ पुसायला म्हणून खाली घेतली.

जड लागली.

आत काहीतरी डचमळलं.

झाकण काढलं. पाणी अर्ध्यावर होतं.

मी औषधाची बाटली आणली. थेंब टाकला. थांबले. अजून थांबले.

पाणी पिवळं झालं नाही.

किटली पुढच्यासाठी भरून ठेवायची असते. या घरात मी एकटीच राहते.