तळाचं पाणी

"बाई, लगेच या! ॲसिडनं पोरीचे डोळे भाजलेत," पोहण्याच्या तलावाचे व्यवस्थापक फोनवर ओरडत होते. "आमच्या देखभालीच्या म्हाताऱ्यानंच घात केला. पोलिसांना बोलावलंय मी."

तपासनीस बाई आधी दवाखान्यात गेल्या. मुलीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. दिसेल की नाही, डॉक्टर सांगायला तयार नव्हते.

"खोल बाजूला तू एकटीच होतीस?"

"हो. मी तळाशी जाऊन श्वास धरते. काका शिडीच्या दांड्यावर किल्लीनं ठोके देतात, मी मोजते. एरवी पंपाच्या घरघरीत निम्मे हरवतात. आज एकूण एक ऐकू आला." तिचा हात पट्ट्यांकडे गेला. "मग डोळे उघडले आणि आगच झाली."

उथळ बाजूच्या मुलींना काहीच झालं नव्हतं.

तलावावर व्यवस्थापकांनी कागदी पट्टी नाचवली. "पाणी आता ठीक आहे. पीएच सात. पण सकाळी म्हाताऱ्यानं पीएच उतरवायचं ॲसिड जास्तच ओतलं असणार!"

"मग ते जास्तीचं गेलं कुठे?"

व्यवस्थापकांनी पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"पाणी कुठून घेतलंत?"

"हे काय, इथूनच. काठावरून."

देखभाल करणारे बाबा भिंतीला टेकून उभे होते. पोलीस येणार या धास्तीनं ते सारखे फाटकाकडे बघत होते.

"बाबा, ॲसिड किती ओतलं?"

"आं?"

"ॲसिड! किती!"

"रोजचाच डबा. पंपाचा खटका दाबला, कोठीतून डबा आणला, खोल बाजूला ओतला. पोरी पाण्यात उतरायच्या आधी."

"पंप चालू असल्याची खात्री केलीत?"

"खटका दाबला की! आवाज मला कुठला यायला? बायको म्हणते, तुमचं बरंय, माझं ऐकावं लागत नाही."

कोणी हसलं नाही. मुलीचे काका पुढे आले.

"मी होतो तेव्हा. पंप धडधडत होता, या कानांनी ऐकलाय. पोरीला बाहेर काढताना गडबडीत कोणीतरी बंद केला असेल."

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. एक वाळकं पान जागचं हलत नव्हतं. त्यांनी दोरीला वजन बांधलेली बुचाची बाटली खोल बाजूला सोडली. तळाला टेकल्यावर बुचाची दोरी ओढली, भरलेली बाटली वर काढली आणि त्या पाण्यात पट्टी बुडवली.

शाळेत असताना निळा लिटमस लाल झाला की त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटत. आज पट्टी लाल झाली आणि त्यांनी ती व्यवस्थापकांसमोर धरली.

"वर सात, खाली पाणी घुसळून निघाल्यावरही तीन," त्या म्हणाल्या. "चार पायऱ्या, आणि दर पायरीला दहापट. म्हणजे तळाशी हायड्रोजन आयन वरच्यापेक्षा दहा हजार पट."

"म्हणजे जास्तच ओतलं ना!" व्यवस्थापक उसळले.

"नाही. रोजचंच ओतलं. पाणी फिरत असतं तर ते सगळीकडे मिसळलं असतं. पाण्यात मुरलेला सोडा ते आयन पकडून ॲसिडची धार मोडतो. पण पाणी थांबलेलं होतं. ॲसिड पाण्याहून जड, ते सरळ तळाशी जाऊन बसलं. म्हणजे ओतायच्या आधीच पंप बंद झाला होता."

"कोणी केला?"

"पोरगी म्हणाली, एरवी पंपाच्या घरघरीत किल्लीचे निम्मे ठोके हरवतात. आज एकही हरवला नाही. ते ठोके तिला ऐकू यावेत असं कोणाला वाटत होतं?" बाई काकांकडे वळल्या. "बाबा डबा आणायला गेले आणि तुम्ही पंपघरात गेलात."

काकांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"परवा श्वास धरायच्या स्पर्धेची निवड होणार होती हो. एकदा तरी तिला नीट मोजता यावं, एवढंच मनात होतं. ॲसिडचं मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण मघाशी खोटं बोललात ते ठाऊक असूनच. या माणसाला तुरुंगात जाऊ देत होतात."

"तिला काय तोंड दाखवू मी?"

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. बाबांच्या कानावर यातलं काहीच पडलं नव्हतं. गाडी दिसताच त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"चलू का मी?"

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "बाबा, घरी जा. तुमची चूक नाही."

बाबा फाटकाकडे निघाले आणि मागे वळले.

"बरं," ते म्हणाले. "आणि पोरीचे डोळे?"

बाईंनी दवाखान्याला फोन लावला.