दीड इंच जास्त कापड

सकाळी सव्वादहाला दुर्वा उंडाळेच्या टेबलावरचा दिवा लाल झाला. वर्गात कोणीही मान वर केली नाही. आठवड्यातून तीनदा तो लाल होतच असे.

"कापड वाया, चौदा टक्के," टेबल म्हणालं. टेबलाला बाईचा आवाज दिलेला होता. तो इतका गोड होता की बोलणी खाताना मुंजीचं आमंत्रण घेतोय असं वाटावं. "बाजूच्या शिवणीत दीड इंच माया आढळली. काढून टाकू का?"

"नको."

"काढून टाकू का?"

"अगं बाई, नको म्हटलं ना!"

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा, एवढाच तिचा उपयोग. इचलकरंजीच्या वस्त्रविद्या विद्यापीठात, फॅशन डिझाइन आणि मर्चंडायझिंगच्या शेवटच्या वर्षाला, या उपयोगाला दोष म्हणत. दुर्वाला हे चार वर्षं शिकवलं गेलं होतं. पण तिची आई बावीस वर्षं घरी झंपर शिवत आलेली. खडूची एक रेघ मारली की तिच्या बाहेर दुसरी मारायची, हे दुर्वाचा हात बालवाडीच्या आधी शिकला होता आणि विद्यापीठाचं ऐकायला तयार नव्हता.

विद्यापीठाची इमारत 'नेमकं' नावाच्या कंपनीने बांधून दिली होती. कंपनीचे मापआरसे आता प्रत्येक कापडदुकानात होते. आरशासमोर चार सेकंद उभं राहायचं. तो अंगाची दोन हजार मापं घेई. मग किरणाने कापड कापलं जाई आणि ध्वनीच्या कंपनाने कडा एकमेकींत वितळून जोडल्या जात. सुई नाही, दोरा नाही, शिवण नाही. कपडा अंगाला असा बसे की माणसाला आपण कालपर्यंत पोत्यात राहत होतो याची लाज वाटावी. फक्त तो त्या दिवसाच्या अंगाला बसे. पाचेक महिन्यांत अंग जरा इकडेतिकडे झालं की काखेत काचे, आणि तेवढ्यात फोनवर नव्या कपड्याची आठवण येई. याला आवर्तन म्हणत. आवर्तनावर शंभर मार्कांचा पेपर होता. मागच्या वर्षी त्यात प्रश्न आला होता, 'एका झंपराचे आयुष्य दीडशे दिवसांवरून एकशेवीसवर आणताना ग्राहकाचा स्वाभिमान कसा जपाल?' दुर्वाने उत्तर लिहिलं होतं, 'ग्राहकाला सांगून.' तिला दहापैकी शून्य मिळालं होतं.

पदवीसाठी प्रत्येकाला एका खऱ्या ग्राहकासाठी सहा कपडे करायचे होते, आणि नमुने म्हणून तेवढे सुई-दोऱ्याने शिवायचे होते. किती खपतील आणि ग्राहक किती लवकर परत येईल, हे पाहून यंत्र खपांक देई. साठच्या खाली खपांक म्हणजे नापास. दुर्वाचा एकतीसवर अडकला होता, आणि परीक्षेला दोन महिने राहिले होते.

तिच्या वाट्याला आलेली ग्राहक मालन चौगुले. वय सेहेचाळीस, कामाला सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यात. दोन वर्षं ती दर पंधरा दिवसांनी विद्यापीठात येऊन आरशासमोर उभी राहत असे. त्या बदल्यात मुलांनी केलेले कपडे तिला फुकट.

टेबलाच्या कडेला एक पिवळं बटण होतं. त्यावर 'हरकत' असं लिहिलेलं. गुण देणाऱ्या यंत्राने कारण सांगितलंच पाहिजे असा सरकारी नियम होता, म्हणून ते बसवलेलं. दाबलं की दोन गुण कापले जात. ही भर विद्यापीठाची. चार वर्षांत ते कोणी दाबलं नव्हतं.

दुर्वाने दाबलं.

"माया अनावश्यक," टेबल तितक्याच गोडीने म्हणालं. "या ग्राहकाचे अंग वाढणार नाही. येणारे माप सांगते. छाती आज छत्तीस. पाच महिन्यांनी एकतीस. दहा महिन्यांनी, मागणी नाही. या ग्राहकावर अधिक श्रम करू नयेत. धन्यवाद."

आता मात्र वर्गाने मान वर केली.

विभागप्रमुख चित्रलेखा बेनाडीकर यांच्या खोलीत दुर्वा न विचारताच खुर्चीवर बसली.

"मॅडम, येणारं माप म्हणजे काय?"

बेनाडीकरांनी आधी दार लावलं. "आरशाकडे लाखो लोकांची वर्षानुवर्षांची मापं आहेत. कुठलं अंग पुढे कसं जातं, ते त्याला कळतं. कंपनीला माल किती ठेवायचा ते ठरवायला लागतं ते."

"आणि 'मागणी नाही' म्हणजे?"

"म्हणजे ग्राहक नाही. गाव सोडलं असेल. दुसऱ्या कंपनीकडे गेली असेल."

"पाच इंच आटून दुसऱ्या कंपनीकडे जाणार?"

बेनाडीकर खिडकीकडे वळल्या. "उंडाळे, पहिल्या वर्षी गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहेस. ग्राहकाची माहिती बाहेर गेली तर पदवी जाते. नुसता विषय राहत नाही, पदवी जाते."

"ग्राहकाची माहिती ग्राहकाला सांगितली तरी?"

"विशेषतः तेव्हा."

"तुम्हाला माहीत होतं, मॅडम."

"मी डॉक्टर नाही," बेनाडीकर म्हणाल्या. "आरसाही नाही. आकडा चुकला आणि बाई घाबरून मेली तर?"

"आणि आकडा बरोबर असला तर?"

यावर मर्चंडायझिंगमध्ये उत्तर नसावं. असतं तर बेनाडीकरांना आलं असतं. त्यांना सुवर्णपदक होतं.

संध्याकाळी दुर्वाने आईला सांगितलं. आई एका नवरीच्या झंपराला हुक लावत होती. अजूनही काही बायकांना नवऱ्यापेक्षा झंपर जास्त टिकावा असं वाटे, त्या तिच्याकडे येत.

"दोन वरसं त्या आरशाला दिसतंय, आन् त्यानं तोंड उघडलं न्हाई?" आई म्हणाली.

"त्याचं ते काम नाही ना."

"मग माप घ्यायचं तरी कशाला? आमी टेप लावली आन् दंड सैल लागला की पयलं तोंडातनं निघतं, का गं, जेवत न्हाईस का? बाई रडतीया, न्हाईतर हसतीया. पर इचारावं लागतंय. हात लावलाय न्हवं तिच्या अंगाला!" तिने दोरा दाताने तोडला. "तुमच्या कॉलेजात चार वरसं काय शिकिवलं गं तुला?"

"हात लावायचा नाही, हेच."

"मंग पदवी घिऊन काय करणार हायेस?"

काय करणार ते ठरलेलं होतं. 'नेमकं'मध्ये नोकरी, पुण्याला. आईने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. दोघींनाही ते आठवलं. आईने पुढचा हुक उचलला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुर्वा सायझिंगच्या फाटकाशी उभी राहिली. मालनताई डबा घेऊन पायरीवर बसल्या होत्या. अर्धी भाकरी तशीच ठेवून त्यांनी डबा बंद केला.

"ताई, जेवण जात नाही का?"

"वय झालं की. आन् बारीक झाले म्हणून सगळ्या इचारत्यात, मालन, काय खातीस गं? मी म्हटलं, काय बी खात न्हाई, तेच खाते." त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या, मग खोकल्या.

"पोट दुखतं?"

"तू कपडे शिवायला आलीस का पोट बघायला?"

"दोन्ही," दुर्वा म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. छत्तीस, एकतीस, आणि त्यापुढचं.

मालनताईंनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून घट्ट लावलं. आत मशीन घरघरत होतं.

"म्हंजे त्या काचंला ठावं हाय," त्या म्हणाल्या, "आन् ती दर पंदरा दिसांनी मला म्हणतीया, 'आपण सुंदर दिसता.' भवानी!"

"तो अंदाज आहे, ताई. खरा नसेलही. म्हणून तर दवाखान्यात चला."

"आन् तुझं? कॉलेजात कळलं तर?"

"कळू दे."

"अशी कशी कळू दे? तुझी आय मशीन मारून तुला शिकिवतीया."

"तिनेच पाठवलंय."

पोटाचा क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गोळ्या न चुकवता घेतल्या तर बरा होतो. आणखी चार महिन्यांनी आला असतात तर मी हे इतक्या सहज म्हणालो नसतो. मालनताईंनी गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलं आणि विचारलं, अंग परत कधी धरीन? डॉक्टर म्हणाले, धराल. हळूहळू धराल.

दुर्वाने घरी येऊन सहाही कपडे उसवले आणि आईच्या पायमशीनवर पुन्हा शिवले. आता बाजूला दीड इंच माया, खांद्यात अर्धा, बाहीत एक. शिवण अशी की मालनताईंना स्वतःच्या हाताने उसवता यावी आणि पुन्हा घालता यावी. आज आत घ्यायचं, आणि अंग धरलं की सोडायचं. हे तिला कुठल्याच पेपरात विचारलं गेलं नव्हतं.

परीक्षेला कंपनीतर्फे तन्मय मलानी आले. तिशीतले, हसरे, अंगात त्याच दिवशी कापलेला कोट. सभागृहात दीडशे मुलं, समोर मोठा मापआरसा. मालनताई हळू चालत मंचावर आल्या. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. झंपर मात्र त्यांच्या अंगावर कुठेही लोंबत नव्हता.

"खपांक सात," आरसा म्हणाला.

सभागृहात कोणीतरी शिट्टी मारली. विद्यापीठाच्या इतिहासात इतका कमी खपांक नव्हता. एका मुलाने कोरं कापड सादर केलं होतं, त्यालाही अकरा मिळाले होते.

मलानींनी झंपराची शिवण उलटी करून पाहिली. "मिस उंडाळे, हा झंपर या बाईंना पाच वर्षं पुरेल."

"हो सर."

"हेच तर चुकलंय."

"हेच केलंय, सर."

हसू आलं ते मलानींनी आवरलं. मग ते खालच्या आवाजात, पण ध्वनिवर्धक सुरू आहे हे विसरून म्हणाले, "बघा, तुमचा हात चांगला आहे. ग्राहकाशी जे काही बोललात ते आमच्या कानावर आलंय. ती अनवधानाने झालेली चूक होती असं दोन ओळींत लिहून द्या. ही माया काढा. खपांक मी पाहून घेतो. पुण्याची जागा तुमचीच."

सगळं सभागृह ऐकत होतं. मागच्या रांगेत दुर्वाची आई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"चूक आरशाची आहे, सर," दुर्वा म्हणाली. "त्याने सांगितलं, या ग्राहकाची मागणी नाही. मागणी तुमच्यासमोर उभी आहे. पंधरा दिवसांत तिचं वजन पाऊण किलो वाढलंय. तुमच्या यंत्राचा अंदाज एकाच अटीवर खरा ठरतो, बाईला कोणी काही सांगायचं नाही. आणि ती अट पाळायची म्हणून तुम्ही आमच्या सह्या घेता."

"तुम्ही पदवी घालवताय."

"हो. लिहून देऊ? त्याला दोन ओळीही लागणार नाहीत."

"आन् मी बी लिहून देते," मालनताई मधेच म्हणाल्या. "झंपर माझा हाय. त्याला हात लावायचा न्हाई. सोडा ती शिवण!"

मलानींनी शिवण सोडली. टाळ्या वाजल्या नाहीत. दीडशे मुलं आपापल्या ग्राहकांकडे पाहत होती. शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले कोणाचे रिक्षावाले, कोणाच्या भाजीवाल्या, कोणाचे निवृत्त मास्तर. आणि ते ग्राहक आरशाकडे पाहत होते. तेवढ्यात एक मुलगी उठली आणि आपल्या मास्तरांच्या कानाशी लागली. मग दुसरा मुलगा उठला.

विभागप्रमुख म्हणून निकालपत्रावर सही बेनाडीकरांची लागत होती. त्यांनी 'अनुत्तीर्ण' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कागद मलानींना दिला. मलानींनी मान डोलावली. नियमाने वागणारी माणसं त्यांना आवडत.

दुर्वा आणि आई फाटकाबाहेर रिक्षा बघत होत्या. पुण्याचं काय करायचं, शेजारणींना काय सांगायचं, हा विषय अजून निघायचा होता. आई म्हणाली, "झंपराच्या डाव्या बाहीला जरा चूण पडली होती."

"माहितीये."

"मशीनला तेल घालायला पायजे."

मागून बेनाडीकर आल्या. चालत आल्या म्हणण्यापेक्षा पळत न येण्याचा प्रयत्न करत आल्या. हातात एक जाड पाकीट होतं.

"ही या वर्षीची," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि एक कागद काढला. "ज्यांच्या पुढे 'मागणी नाही' आहे, ते. तालुक्यातले एकेचाळीस. पत्ते आहेत. मी डॉक्टर नाही, पण मला घरं माहीत आहेत."

"मॅडम, तुमची नोकरी?"

"उद्यापर्यंत आहे. म्हणून म्हणते, आत्ताच निघू."

दुर्वाने कागद घेतला. पहिलं नाव पाहिलं. शहापूरची बाई, वय एकोणतीस. आईने रिक्षाला हात केला आणि आपली पिशवी आत टाकली. येऊ का, हे तिने विचारलं नाही.

पाकिटात अजून कागद होते. ते बेनाडीकरांनी बाहेर काढले नाहीत. नुसते अंगठ्याने दाबून धरले.

"आणि ते?" दुर्वाने विचारलं.

"हे गेल्या वर्षीचे. त्याच्या आदल्या वर्षीचेही आहेत." सुवर्णपदकवाल्या बाईंनी पाकीट दुर्वापुढे धरलं. "यांच्या दारात जाऊन काय म्हणायचं, उंडाळे?"