बॅकअपच्या वहीतला आकडा

डोळ्यांच्या दवाखान्यातली डिस्क सोमवारी सकाळी बंद पडली आणि दुपारी बॅकअपवाल्या बाईंच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. त्यांनी रोज घेतलेला बॅकअप उघडला, तर रुग्णांच्या नोंदी फेब्रुवारीपाशीच थांबलेल्या. पुढचे सात महिने गायब. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बोलावलं. मास्तर एके काळी संगणक शिकवायचे. आता खासगी तपास करायचे आणि लोकांच्या भानगडी निस्तरून पार कंटाळले होते. सोबत मेव्हणा होता, नेहमीसारखा निकाल आधीच लावून आलेला.

"भाऊजी, बाईंनी बॅकअप घेतलाच नाही," तो जिन्यातच म्हणाला. "वहीत नुसत्या सह्या ठोकल्या."

मास्तरांनी वही चाळली. फेब्रुवारीपर्यंत बॅकअपचा आकार रोज थोडा वाढत होता. मग बाईंची दोन आठवड्यांची रजा. त्यानंतर रोज एकच आकडा, एकेचाळीस जीबी.

"तुम्ही नेमकं काय करायचात?" त्यांनी बाईंना विचारलं.

"बटण दाबायचं, 'पूर्ण' आलं की आकडा उतरवायचा. दोन्ही डिस्कचे दिवे लुकलुकताहेत ना, बघायचं आणि घरी जायचं." बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "बारा वर्षं हेच केलं."

संगणक विभागाचे प्रमुख घाईत होते. "मशीन आठ वर्षांचं आहे, मी हातही लावलेला नाही. डिस्क अशी दगा देईल असं कुणाला वाटलं होतं? वॉरंटी अजून दोन वर्षं होती."

मास्तरांनी सगळ्यांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसवलं.

"इथं चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे," ते म्हणाले. "खोटं लिहिणारा माणूस आकडा रोज थोडा वाढवून लिहितो. बाईंनी दिसला तसा उतरवला. म्हणजे बॅकअप रोज होत होता, पण अशा जागेचा, जिथं नवीन काही येतच नव्हतं."

ते प्रमुखांकडे वळले. "आठ वर्षांच्या डिस्कला एवढी वॉरंटी उरत नाही. बंद पडलेली डिस्क नवी होती. बाई रजेवर असताना तुम्ही डेटाबेस तिच्यावर हलवलात. बॅकअप मात्र जुन्या डिस्कवरच्या जुन्या फोल्डरचाच होत राहिला."

"मशीन फार रखडत होतं," प्रमुख पुटपुटले.

"म्हणजे सात महिने पाण्यात?" मेव्हण्यानं विचारलं.

"नाही. वापरात नसलेल्या डिस्कचा दिवा दिवसभर कशाला लुकलुकेल? डेटाबेस प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलीत लिहीत जातो. ती फाइल हलवायची राहिली. ती जुन्या डिस्कवर, त्या फोल्डरच्या बाहेर, शाबूत आहे. फेब्रुवारीचा बॅकअप चढवायचा आणि त्यावर ते बदल ओळीनं चालवायचे."

संध्याकाळी सोमवारपर्यंतचे सगळे रुग्ण पडद्यावर आले. डॉक्टरीणबाईंनी पत्र मागे घेतलं आणि माफी मागितली.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "एकदाही उघडून बघितला नाही." मग त्या प्रमुखांना म्हणाल्या, "नवरा गेला म्हणून मी रजेवर होते. तुम्ही भेटायला आलात, तासभर बसलात. तेव्हा सांगायचं होतंत, साहेब."

"अशा वेळी कामाचं काय बोलायचं?"

"त्या दिवशी कुणीतरी कामाचं बोलावं," बाई म्हणाल्या, "एवढंच मला वाटत होतं."